एकांतप्पाचा शेंदूर

अक्कलकोटच्या एस.टी. स्टँडसमोर चहाच्या टपरीपाशी एक मोटारसायकल उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवरून धूर निघत होता. कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं.

ऋतुजाला वाटलं. हातातला कप तसाच धरून ती जरा पुढं गेली. धूर वर जातो. हे पांढरं काहीतरी खाली सांडत होतं. सीटला बांधलेल्या टाकीच्या तोंडातून ओघळायचं, चाकाच्या आऱ्यांतून घरंगळायचं आणि जमिनीला पोचायच्या आत विरून जायचं.

“ही गाडी कुणाची?”

“माझी की.” बाकावरून एक तरुण उठला. उंच, उन्हानं रापलेला, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

“मेन स्टँडवर लावा ना. टाकी कललीय. नायट्रोजन उडून चाललाय सगळा.”

त्यानं मुकाट्यानं गाडी मेन स्टँडवर घेतली. मग वळून तिच्याकडे पाहिलं. “तुम्हाला कसं कळलं, नायट्रोजन हाय म्हणून?”

“मी केमिस्ट्री शिकवते. सोलापूरला. पण तुम्ही हा कशाला घेऊन फिरताय?”

“ते... आत... औषध असतं. जनावरांचं.”

“एवढ्या थंडीत ठेवायचं? कुठलं औषध?”

त्याच्या कानांच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या. टपरीवाल्याला राहवेना. “सांग की डॉक्टर, लाजतोस काय! मॅडम, ह्यो गाईम्हशी भरवतो. गावोगाव.”

“मग त्यात लपवण्यासारखं काय आहे?” ऋतुजा म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं. “खिलार बैलाच्या वीर्याच्या कांड्या आहेत का?”

“खिलारच्या हायत... मुऱ्हाच्या पण हायत,” तो जमिनीकडे बघत म्हणाला.

“आन् गंमत ऐका,” टपरीवाला गाळणी आपटत म्हणाला, “सगळ्या तालुक्याच्या गाईंची लग्नं लावतोय, आन् येत्या चैत्रात स्वतः ब्रह्मचारी होणार हाय!”

ऋतुजाला हसू आलं. ते आवरेपर्यंत त्यानं पाहिलं. “हसा की,” तो शांतपणे म्हणाला. “सगळेच हसतात.”

तिला ओशाळल्यासारखं झालं. खरं तर हसण्याचा अधिकार तिला मुळीच नव्हता. ती त्या सकाळी अक्कलकोटला आली होती ती आईनं पाठवलेला नारळ स्वामींच्या मठात ठेवायला. लेकीचं लग्न जमावं म्हणून आई नवस बोलली होती. जमायच्या आधीच नारळ आगाऊ पाठवला होता. ऋतुजाला बत्तिसावं संपत आलं होतं. तिला लग्न नको होतं असं नाही. तिला बघायला येणारी माणसं नको होती.

“सॉरी,” ती म्हणाली. “माझं चुकलं.”

त्यानं मान हलवली. मग कप बोटांत फिरवला. “मॅडम, तुम्ही केमिस्ट्रीच्या म्हणून विचारतो... शेंदरात काय असतं ओ?”

“का?”

“माझे काका देवाला शेंदूर लावतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली. आता त्यांचा हात मनगटात लुळा पडलाय. पोटात कळा येतात. लोक म्हणतात देवाचा कोप. मला... तसं वाटत नाही.”

“हिरड्यांवर निळसर रेघ आहे का?”

त्यानं चमकून पाहिलं. “आहे.”

“चिमूटभर शेंदूर बाटलीत घालून आणून द्याल?”

अशी ओळख झाली. त्याचं नाव बसवेश.

•

मैंदर्गीच्या अलीकडे रस्ता सोडून आत गेलं की ज्वारीच्या रानात बसवेशचं गाव. गावाबाहेर दगडी देऊळ, आणि देवळात एकांतप्पा. माणसाएवढा उंच, शेंदराचा नुसता ढीग. नाक नाही, डोळे नाहीत, चांदीचे दोन डोळे वरून चिकटवलेले. मूळ मूर्ती कुणी पाहिलेली नव्हती. एकांतप्पा ब्रह्मचारी. त्याच्या गाभाऱ्यात बाईनं पाऊल ठेवायचं नाही, लग्न झालेल्या पुरुषानंही नाही. म्हणून पुजाऱ्याच्या घराण्यात दर पिढीला एका भावानं बिनलग्नाचं राहायचं आणि बाकीच्यांनी त्याला जेवू घालायचं. ह्या पिढीला थोरला सिद्धराम शिकून पुण्याला गेला, त्याला दोन मुलं झाली. राहिला बसवेश.

“आणि तुम्हाला ते चालतं?” ऋतुजानं विचारलं. तो शेंदराची बाटली घेऊन कॉलेजच्या प्रयोगशाळेत आला होता आणि टेबलाला हात न लावता, देवळात उभं राहावं तसा उभा होता.

“चालतं का नाही, हा प्रश्नच आमच्या घरात नसतो. थोरल्याचं शिक्षण, धाकट्याचा देव.”

तिनं शेंदरावर आम्ल घातलं, गाळून घेतलं आणि त्यात दुसऱ्या बाटलीतले थेंब सोडले. नळीत पिवळाधम्मक साका धरला. हळदीसारखा.

“किती छान रंग आला!” तो म्हणाला.

“छान नाही, बसवेश. शिसं आहे हे. काकांचा हात ह्यानंच गेला.”

त्यानं नळी हातात घेतली, उजेडाकडे धरली. “म्हणजे कोप नाही.”

“नाही. त्यांना आधी डॉक्टरांकडे न्या. रक्त तपासतील. आणि शेंदराला पुन्हा हात लावू देऊ नका. आजपासून.”

तो जायला निघाला आणि दारात थांबला. “म्हणजे आता काकांच्या जागी...” त्यानं वाक्य पुरं केलं नाही.

तो गेल्यावर ऋतुजा नळ्या धुऊ लागली. आपण एका माणसाला विषापासून वाचवलं आणि त्याच नळीनं दुसऱ्याची वाट बंद केली, हे तिला नळापाशी कळलं.

•

डॉक्टरांनी तेच सांगितलं. मग देवस्थानच्या पंचांची बैठक झाली. ह्याच शेंदरावरून वाहिलेलं तीर्थ गावातली लेकरं पितात म्हटल्यावर जुना थर काढायचा असं ठरलं. पण काढायचा कुणी? माहिती ऋतुजाला, आणि तिला आत जायला बंदी. काका सोडले तर पुजाऱ्याच्या घराण्यात आत जाऊ शकणारा बिनलग्नाचा पुरुष एकच.

म्हणून असं ठरलं की दर रविवारी ऋतुजानं उंबऱ्याबाहेर बसायचं आणि सांगायचं. बसवेशनं आत काम करायचं.

“ओला कपडा आधी. धूळ उडायला नको. मास्क वर घ्या, नाकाखाली कसला ठेवताय?”

“श्वास कोंडतो.”

“कोंडू दे. हं... आता लाकडी पट्टी. अंगठ्यानं दाबू नका, तिरकी धरा. डावीकडे. अजून थोडं... हळू. थांबा.”

“थांबलो.”

“आता बोटानं चाचपून बघा. हलतंय?”

“हलतंय थोडं.”

“ओढायचं नाही. तेच सुटेल.”

“मॅडम, तुम्ही डोळे मिटून सांगताय का काय? तुम्हाला दिसतंय तरी का हितनं?”

“तुमच्या कोपरावरून कळतं. जोर लावला की वर उचलता तुम्ही.”

आतून हसण्याचा आवाज आला. मास्कमुळे तो दुरून आल्यासारखा वाटला. कोपर मात्र खाली गेलं.

गुरप्पाकाका बाहेर कट्ट्यावर चिंचेच्या सावलीत बसलेले असत. पांढरं धोतर, पांढरी दाढी, लुळा हात मांडीवर. ते ऋतुजाला कानडीत ‘अव्वा’, म्हणजे आई, म्हणत, आणि तिच्याशी बोलताना नजर तिच्या चपलांवर ठेवत. आयुष्यात त्यांनी कुठल्याच बाईच्या तोंडाकडे पाहिलं नसावं, असं तिला वाटे. पण दुपारी तिच्या अंगावर ऊन आलं की ते न बोलता आपली चटई सावलीत सरकवून ठेवत आणि स्वतः उन्हात जाऊन बसत.

बसवेशची आई सावित्रम्मा भाकरी घेऊन येई. “मॅडम, तुमचं लगीन झालंय व्हय?”

“नाही.”

“का ओ? एवढं शिकून बी?”

“शिकूनच राहिलं,” ऋतुजा म्हणे, आणि सावित्रम्मा तोंडाला पदर लावून हसे. हसता हसता तिची नजर लेकाकडे जाई आणि हसू थांबे.

हुरड्याचे दिवस होते. एका रविवारी काम आटोपल्यावर बसवेशनं बांधावर आगटी पेटवली. भाजलेलं कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची, आणि हिरवे टपोरे दाणे ऋतुजाच्या ओंजळीत वरून सोडायचे. हाताला हात लागणार नाही असे. धुरानं डोळे चुरचुरत होते. शेंगाची चटणी तिखट होती.

“तुमचे हात हलके आहेत,” ती म्हणाली. “माझ्या एकाही विद्यार्थ्याला असं काम जमलं नसतं.”

“जनावरांनी शिकवलं. गाय माजावर आलेली असते, पण भ्यालेली पण असते. आधी पाठीवर हात ठेवून नुसतं उभं राहायचं. ओळख झाल्याशिवाय कुठलंच जनावर जवळ येऊ देत नाही.”

“आणि माणसं?”

त्यानं कणीस निखाऱ्यावर फिरवलं. “माणसांचं मला कुणी शिकवलंच नाही. गाईला काय वाटतं ते तालुक्यात मला सगळ्यांपेक्षा जास्त कळतं, मॅडम. आपल्याला काय वाटतंय ते...”

“ते?”

“दाणे गार व्हायला लागलेत. खावा.”

तिनं खाल्ले. रानावरून वारा आला, कणसं एकमेकांना घासली.

त्या आठवड्यात सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या घरी आईनं एक नवं स्थळ सांगितलं. मुलगा बँकेत, रविवारी बघायला येतोय. “रविवारी मला जमणार नाही,” ऋतुजा म्हणाली. आईनं तिच्याकडे निरखून पाहिलं आणि, नवलच, काही विचारलं नाही.

•

शेंदराचा थर पायांपाशी विटेएवढा जाड होता. पावलं मोकळी झाली तेव्हा गाव बघायला लोटला. काळ्या गुळगुळीत दगडाची सुंदर पावलं. समोरून कमरेपर्यंतचा थर सुटला; बाजूचा आणि मागचा तसाच होता, आणि छातीवरचा सुटेना. आत अंधार फार होता. ऋतुजानं घरून आरसा आणला. गाभाऱ्याच्या बाजूच्या भिंतीत हवेसाठी एक झरोका होता. ती देवळाला वळसा घालून तिथं गेली आणि दुपारचं ऊन आरशात पकडून आत सोडलं.

“दिसतंय का?”

“लख्ख दिसतंय!” बसवेश समोरच्या बाजूनं म्हणाला. “खांद्याचा तुकडा सुटतोय बघा... सुटला!”

ऋतुजा झरोक्यातून मूर्ती बाजूनं बघत होती. समोरून दिसला नसता, असा तो भाग. तुकडा सुटला तिथं मान होती, आणि मानेभोवती मागून आलेला एक हात. नाजूक हात. मनगटात दगडाच्या बांगड्या, एकीला एक लागून, कोपरापर्यंत.

आरसा कलला. उजेडाचा तुकडा भिंतीवर पळाला.

“काय झालं, मॅडम?”

“काही नाही. आज... आज इथंच थांबू. ओला कपडा गुंडाळून ठेवा.”

त्यातला पेच तिच्या लगेच ध्यानात आला. एकांतप्पा एकटा नव्हता. ज्या देवासाठी दर पिढीचा एक मुलगा बिनलग्नाचा राहिला, तो एका बाईच्या मिठीत उभा होता. हे सांगितलं की बसवेश सुटला. फक्त तोंड उघडायचं. आणि तोंड उघडलं की कट्ट्यावरच्या त्या म्हाताऱ्याच्या सबंध आयुष्याचं काय?

बसवेश तिला अक्कलकोटपर्यंत सोडायला निघाला. मोटारसायकल फाट्यावर आली तसं तिनं त्याला थांबायला सांगितलं.

“मला आज एक दिसलं. तुम्ही समोर होतात म्हणून तुम्हाला नाही दिसलं. ते कळलं तर तुम्हाला—”

“सांगू नका.”

“ऐकून तर घ्या. तुमच्या फायद्याचं आहे.”

“म्हणूनच सांगू नका.” त्यानं इंजिन बंद केलं. पाठमोराच बोलत राहिला. “तुमचा चेहरा बघितला मी. काहीतरी असं हाय, की ज्यानं मला काकांना ‘नाही’ म्हणायची गरजच पडणार नाही. बरोबर?”

तिनं मांडीवरचा आरसा पालथा केला.

“तुम्ही सांगितलं तर मी आज शांत झोपेन. पण मग मी दगडाच्या आड लपून सुटलो असं होईल. मला माझ्या तोंडानं सांगायचंय, की मला हे नको. मला लग्न करायचंय.”

“लग्न?” तिचा आवाज तिला स्वतःलाच बारीक वाटला. “कुणाशी?”

तो वळला. पहिल्यांदाच त्यानं तिच्याकडे नीट, नजर न हलवता पाहिलं. “ते आधी काकांना सांगतो. मग तुम्हाला.”

गाडी सुरू झाली. अक्कलकोट येईपर्यंत ऋतुजा त्याच्या शर्टाच्या पाठीवरच्या घामाच्या डागाकडे बघत होती आणि तिच्या लक्षात येत होतं, की आपण श्वास मोजून घेतोय.

•

पुढच्या रविवारी ती पोचली तेव्हा गुरप्पाकाका कट्ट्यावर होते आणि बसवेश त्यांच्यासमोर उभा होता. ती मागं फिरणार तोच काका म्हणाले, “थांब अव्वा. तू जाऊ नगं. ह्यो कायतरी बोलणार हाय असं दिसतंय. बोलताना कुणीतरी असलेलं बरं, न्हाईतर ह्यो पळून जाईल.”

बसवेशनं घसा साफ केला. “काका, चैत्रात मला ब्रह्मचाऱ्याची शाल घालू नका. मला न्हाई जमणार.”

चिंचेवर एक खार सरसरत वर गेली.

“का?”

“मला लग्न करायचंय.”

“कुणासंगं?”

“अजून तिला इचारलं न्हाई.”

ऋतुजा पिशवीतले हातमोजे काढून, पुन्हा पिशवीत ठेवून, पुन्हा काढू लागली.

“मग आदी तिला इचारायचं की, येड्या! ती न्हाई म्हणली तर? देवाकडं परत येणार व्हय?”

“न्हाई, काका. ती न्हाई म्हणली तरी मी येणार न्हाई. तिच्यासाठी सोडत न्हाई मी. माझ्यात ते न्हाईच. खोटा ब्रह्मचारी तुमच्या जागेवर बसला तर तुमाला चालंल व्हय?”

काकांनी लुळा हात दुसऱ्या हातानं उचलून मांडीवर सारखा ठेवला. ते बोलले तेव्हा आवाजात राग नव्हता.

“मला कुणी इचारलं न्हवतं,” ते म्हणाले. “चौदा वर्साचा हुतो. बापानं पांढरी शाल घातली, आईनं तोंड फिरवलं. झालं. वाईट वाटलं न्हाई असं न्हाई. मैंदर्गीच्या बाजाराला गेलो की लोक लेकरं खांद्यावर घिऊन फिरायची... बगायचो. रातच्याला लई जड जायचं तवा हितं येऊन बसायचो, देवापाशी. म्हणायचो, तू बी एकटा, मी बी एकटा. मग निभायचं.” त्यांनी बसवेशकडे पाहिलं. “शाल घालायच्या आदीच सांगितलंस, बरं झालं. जा. तू मोकळा हायस. माझ्यामागं कोण, ते त्येचं त्यो बगून घील.”

बसवेश खाली वाकला आणि त्यानं कपाळ काकांच्या पायांवर ठेवलं. काकांनी चांगल्या हातानं त्याच्या पाठीवर थाप मारली, बैलाला मारावी तशी.

ऋतुजाच्या मनातून मात्र ते शब्द जाईनात. ‘तू बी एकटा, मी बी एकटा.’ म्हाताऱ्यानं ज्याच्या आधारानं आयुष्य काढलं तेच तिला आज उघडं करायचं होतं. आता तर बसवेश सुटला होता. तो थर राहू दिला तर कुणाचं काय बिघडणार होतं? पण तीर्थ होतं, लेकरं होती. आणि ह्या माणसानं आत्ताच खोट्यापेक्षा खरं ऐकायचं पत्करलं होतं. त्याला लहान मुलासारखं जपण्याचा हक्क तिला कुणी दिला?

ती त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसली.

“काका, मला तुम्हाला एक सांगायचंय. मागच्या रविवारी दिसलं. आत... आत एकच मूर्ती नाही.”

“म्हंजी?”

“दोघं आहेत. एक पुरुष आणि एक बाई. तिचा हात त्याच्या गळ्यात आहे.”

बसवेशनं श्वास आत ओढलेला तिला ऐकू आला. काका हलले नाहीत. मग उठले. उंबरा ओलांडून आत गेले. ओला कपडा काढल्याचा आवाज आला. बसवेश पुढं निघाला. ऋतुजानं मान हलवून त्याला थांबवलं.

ते हातानं चाचपत असावेत. त्यांनीच आपल्या हातांनी त्या दोघांना वर्षानुवर्षं शेंदराखाली गाडलं होतं. आता त्यातला चांगला उरलेला हात बांगड्यांवरून फिरत असणार.

ते बाहेर आले. दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

“म्हंजी एवढी वर्सं,” ते हळूच म्हणाले, “हितं मी एकटाच एकटा हुतो की.”

ऋतुजानं मान खाली घातली. आणि मग तिला वेगळाच आवाज ऐकू आला. काका हसत होते. आधी नुसते खांदे, मग पोट, मग सगळं अंग. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते हसत होते. “आन् मी रातच्याला येऊन त्येला समजूत घालायचो! भिऊ नगं म्हणायचो, मी हाय! त्यो मनात म्हणत असंल, कवा जातंय हे येडं!”

बसवेशला आधी हसावं की रडावं कळेना. मग तोही हसला. ऋतुजाही.

डोळे पुसून काका तिच्याकडे वळले. ह्या वेळी त्यांनी तिच्या चपलांकडे नाही, तोंडाकडे पाहिलं. “अव्वा, चल आत. बाई आत हुतीच की आदीपास्नं. आता तुला भाईर बसवून काय करू? राहिलेलं तुज्या हातानं काढ.”

“आधी हात धुवा, काका. साबणानं.”

“धुतो की, माजी बाई.”

•

थर पूर्ण निघाला तेव्हा दिसलं, की ती दोघं एकमेकांकडे बघत होती. कुठल्या काळातली, कोण, कुणालाच सांगता येईना. तिच्या ओठांवर हसू होतं आणि त्याच्या हातात तिच्या केसांतलं फूल होतं.

गावात चार दिवस गोंधळ झाला. पोरांनी फोटो काढले, बायका घोळक्यानं येऊन पदराआडून बघून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी नव्यानं लग्न झालेल्या लेकीसुनांना घेऊन आल्या. दोन-तीन वजनदार मंडळी म्हणाली, हे देवळात शोभत नाही, परत शेंदूर फासा. गुरप्पाकाका कट्ट्यावरून उठले नाहीत. “फासा की,” ते म्हणाले. “माजे हात न्हाईत आता. ज्येला लाज वाटती त्येनं यावं, जलमभर बिनलग्नाचं ऱ्हावं, आन् फासावं.”

कुणी आलं नाही.

“आणि तुम्ही, काका?” ऋतुजानं त्यांना विचारलं. “आता तुम्ही काय करणार?”

“मी ऱ्हातो की हितंच.” त्यांनी धोतराचा काठ सारखा केला. “तवा मला ठिवलं हुतं. आता मी ऱ्हातो. लई फरक हाय, अव्वा.”

हे ते इतक्या सहज म्हणाले, की तिला त्यांचा हेवा वाटला.

काम संपलं होतं. पुढच्या रविवारी यायला तिच्याकडे काही कारण उरलं नव्हतं. बसवेश तिच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आला. गाडी काढू का, असं त्यानं विचारलं नाही आणि तिनंही सुचवलं नाही. ज्वारी काढून झाली होती. रिकाम्या रानात कडब्याच्या गंजी उभ्या होत्या, ऊन उतरत होतं. फाट्यावर कुणीच नव्हतं.

“त्या दिवशी काकांसमोर मी म्हणालो होतो...” त्यानं सुरुवात केली.

“की अजून तिला विचारलं नाही. ऐकलं मी.”

“मग तुम्ही काहीच बोलला नाहीत.”

“मला कुठं कुणी काय विचारलं?”

तो थांबला. पायानं एक खडा सरकवला. “आता विचारतो. पण नाही म्हणायचं असंल तर सरळ म्हणा, मनाला लावून घेऊ नका. मी देवाला ‘नाही’ म्हणून आलोय, मला ‘नाही’ ऐकता येतं.” मग घाईघाईनं, “म्हणजे... आवडेल असं नाही...”

तिला हसू आलं, पण तिनं ते बाजूला ठेवलं. त्यानं सगळं खरं सांगितलं होतं. तिलाही खरंच सांगायला हवं होतं.

“मला एकटं राहायला आवडतं, बसवेश. लोकांना वाटतं माझं लग्न जमत नाही म्हणून मी एकटी. पण तसं नाही. संध्याकाळी माझ्या खोलीचं दार लावलं की मला बरं वाटतं. खूप वर्षं वाटतंय.”

“बरं,” तो म्हणाला. चेहरा शांत ठेवायचा प्रयत्न करत होता आणि ते त्याला साधत नव्हतं.

“ऐकून तर घ्या पुरतं.”

“ऐकतोय.”

“गेले काही आठवडे दार लावलं की... बरं वाटत नाही.”

तो तिच्याकडे बघत राहिला. “मी जरा बसतो,” असं म्हणून तो फाट्यावरच्या दगडावर मटकन बसला. तीही त्याच्या शेजारी बसली. दगड एकाच माणसाच्या बेताचा होता. तिनं त्याचा हात हातात घेतला. तो हलका नव्हता, चांगला जड होता. ती तो तसाच धरून बसली.

लांबून एस.टी.चा आवाज आला. धुरळा उडवत गाडी येऊन थांबली. कंडक्टरनं दारातून अर्धं अंग बाहेर काढलं.

“अक्कलकोट, अक्कलकोट! चला की मॅडम, जागा हाय!”

ऋतुजानं मान हलवून नको म्हटलं. कंडक्टरनं दोघांकडे एकदा पाहिलं, “बरं बरं” म्हणाला आणि दोनदा घंटी मारली. धुरळा खाली बसला.

“पुढची गाडी किती वाजता?” तिनं विचारलं.

“हीच शेवटची होती की.”

“अहो! मग आधी सांगायचं ना?”

“सांगणार होतो,” तो म्हणाला. “पण हात सोडवत नव्हता.”